मुंबईच्या गिरण्यांतील खाती आणि त्यांच्या सीमा

कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांना मजुरांची वाण फारशी कधी पडली नाही, हे मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले. मजूर असे मुबलक असता कोणत्याही खात्यात कोणीही दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात जन्मस्थान, जात व लिंग या तिहींनी खात्यांच्या सीमा आखून दिल्या होत्या. त्या कशा टिकल्या, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम स्थलांतर. १९११ च्या जनगणनेत गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९३१ मध्ये हे प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आले. उत्तर हिंदुस्थानातील मजुरांचे प्रमाण या काळात वाढले, हे खरे. तथापि जनगणना जन्मस्थान नोंदते. कोकणी बापाचा परळच्या चाळीत जन्मलेला मुलगा तिच्या हिशेबी मुंबईकर ठरतो, हे विसरून चालणार नाही. भरती मुकादमाच्या हाती असे आणि त्याची सत्ता चाळ, गावकी व जातभाई यांच्या संबंधांवर उभी असे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात या संबंधांचा सविस्तर शोध घेतला आहे. अनेकांचे कुटुंब गावीच राही. आजारपण व म्हातारपण यांचा भार गावच्या शेतीवर पडे. मजुरीचा दर ठरताना तो जमेस धरला जात नसे. दीर्घ संपात मात्र हेच गाव कामगाराचा आधार होई.

दुसरी सीमा जातीची. साचेखात्यात मिळकत चांगली असे. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या उष्ट्या सुताचे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या जातींना हे खाते बंद ठेवण्यात आले. त्यांची भरती बहुतांशी कमी मजुरीच्या रिंग खात्यात होई. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला.

गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणे, सारख्याच कसबाच्या कामगारांत सहकाऱ्यांचा दुजाभाव असेल, तर दोन गट वेगवेगळ्या कारखान्यांत विभागले जातील. मजुरीत अंतर पडण्याचे कारण उरणार नाही. मुंबईत अंतर पडले. त्याचे कारण कसब मिळविण्याच्या रीतीत शोधावे लागते. साच्याचे काम साच्यापाशी उभे राहून, जुन्या कामगाराच्या हाताखाली शिकावे लागे. ज्याला खात्याचा उंबरठा बंद, त्याला कसबही बंद. मग 'कसबी मनुष्य मिळत नाही' हे मालकाचे उत्तर खरे ठरे, आणि अन्याय कोणाच्याच नावे जमा होत नसे.

तिसरी सीमा स्त्रियांची. त्या मुख्यतः वाइंडिंग व रीळ खात्यांत असत आणि त्यांच्यावर नायकिणीची देखरेख असे. १९२० नंतरच्या दशकात एकूण कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे पंचमांश होते; स्वातंत्र्याच्या सुमारास ते दशांशाच्या आसपास उतरले. स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी आली होती, आणि १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने भत्त्याचा भार मालकावर टाकला होता. यावरून कायदेच स्त्रियांच्या मुळावर आले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु याच काळात कमी माणसांत अधिक काम काढण्याची नवी व्यवस्था गिरण्यांत आली, आणि स्त्रीची मजुरी ही घरची जोडमिळकत समजली जात असल्यामुळे कपातीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावर पडली. कायदा हे कारणांपैकी एक होय; त्यावर सगळा दोष टाकणे इतिहासास धरून नाही.

शिवाय गिरणीतून गेलेली स्त्री श्रमातून गेली, असेही म्हणता येत नाही. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणारी खानावळवाली हजेरीपटावर कधीच नव्हती. अमेरिकेच्या जुन्या जनगणनांतून स्त्रियांचे घरगुती व्यवसायातील श्रम कसे निसटले, हे क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखविले. त्या संशोधनपरंपरेस २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आकड्यांसही तीच कसोटी लावावयास हवी.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. साचेवाला, बदली, नायकीण हे शब्द आता आठवणींत व कागदपत्रांत उरले आहेत. त्यांतील प्रत्येक शब्द एका कामाबरोबरच त्या कामाचा दरवाजा कोणास खुला होता, हेही सांगतो. मजुरीचे तक्ते वाचणाऱ्याने प्रथम तो दरवाजा पाहावा.