न खोडतां येणारी वही

जिंतुरास आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या दुकानाच्या वह्या अजून आहेत. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, मधोमध शिवलेल्या. कांहींचा वाळवीनें फन्ना केला आहे. ज्या वाचल्या त्यांपैकीं एकींत रकमांपुढें कोठें 'हाली' तर कोठें 'कलदार' असें लिहिलेलें दिसतें. ज्यांचे वाडवडील निजामी मुलुखांत राहिले नाहींत त्यांना या दोन शब्दांचा उलगडा करून सांगितला पाहिजे. हैदराबाद संस्थानाचें स्वतःचें नाणें असे, तो हाली सिक्का. इंग्रजी अमलांतील रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सुमारें सहा कलदार. पहिल्या महायुद्धांत चांदी दुर्मिळ झाली तेव्हां, १९१८ सालीं, संस्थानानें कायदा करून स्वतःच्या नोटाहि काढल्या आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगु व कानडी या प्रजेच्या भाषांनाहि जागा दिली. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थानाची स्वतंत्र सत्ता संपली. हाली सिक्का मात्र कायद्यानें रद्द झाला तो १९५९ सालीं. सरकार गेल्यावरहि त्याचें नाणें अकरा वर्षें जिवंत राहावें ही गोष्ट मला नेहमीं विचार करावयास लावते.

याच वहीचा दाखला देऊन मी २०१७ च्या हिवाळ्यांत जिंतुरांत एक व्याख्यान दिलें होतें. विषय होता बिटकॉईन आणि त्याच्या मुळाशीं असलेली 'ब्लॉकचेन' नांवाची संगणकीय वही. त्या वेळीं एका बिटकॉईनचा भाव वीस हजार डॉलरच्या घरांत पोंचला होता आणि वर्तमानपत्रें दुसरें कांहीं बोलत नव्हतीं. व्याख्यान रंगलें, टाळ्या पडल्या. त्या व्याख्यानाची आज मला लाज वाटते. मी खोटें कांहीं सांगितलें नाहीं. परंतु जें सांगितलें तें अर्धें होतें. राहिलेला अर्धा भाग आतां लिहितों.

प्रथम वहीचें पाहूं. रोजकीर्दींत दिवसाचा आरंभ आदल्या दिवसाच्या शिल्लकेनें होतो. काल रात्रीं पेटींत जें उरलें तें आज जमेच्या बाजूस पहिल्या ओळींत मांडावयाचें. मग दिवसभराची जमा, दिवसभराचें नांवें, आणि दिवेलागणीनंतर पुन्हां शिल्लक. ती उद्यांच्या पानावर. पद्धत इतकी साधी कीं तींत कांहीं युक्ति आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पण समजा, एखाद्या गुमास्त्यानें तीन महिन्यांपूर्वींच्या पानावर पंचविसाचे पस्तीस केले. त्या दिवसाची शिल्लक बदलली, म्हणून दुसऱ्या दिवसाचा आरंभ चुकला, म्हणून तिसऱ्याचा. आजच्या पेटीपर्यंत त्याला नव्वद पानें खोटीं करावीं लागतील. आणि पानें तर शिवलेलीं, शाई मुरलेली, खाडाखोड केली कीं डोळ्यांत भरणारी. आमच्या आजोबांनीं कीर्द ठेवली ती लबाडी पकडण्यासाठीं नव्हे. पण लबाडी करणें कठीण व्हावें ही सोय त्या रीतींत कोण्या जुन्या पुरुषानें मुरवून ठेवली होती.

संगणकावरील लेखनाची अडचण नेमकी येथें आहे. त्याला शाई नाहीं, शिवण नाहीं, जुनेपणाचा पिवळेपणा नाहीं. आज बदललेलें अक्षर दहा वर्षांपूर्वींच्या अक्षराइतकेंच ताजें दिसतें. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन संशोधकांनीं हा प्रश्न हातीं घेतला आणि १९९१ सालीं 'जर्नल ऑफ क्रिप्टॉलॉजी' या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ति कीर्दीच्या शिल्लकेसारखीच आहे. कोणत्याहि मजकुरावर गणिताची ठराविक क्रिया केली असतां ठराविक लांबीचा एक आंकडा निघतो. त्याला आपण ठसा म्हणूं. मजकुरांतील एक अनुस्वार बदलला तरी सारा ठसा बदलतो, आणि ठशावरून मजकूर मात्र उलगडतां येत नाहीं. नव्या कागदाचा ठसा काढतांना त्यांत आधींच्या कागदाचा ठसा मिसळावयाचा. मग पुढच्यांत हा. झाली सांखळी. मधला एक दुवा बदलाल तर पुढचे सारे दुवे साक्ष देऊं लागतील.

पण सगळी वहीच नव्यानें लिहून काढणाऱ्यास काय करावें? आजोबांच्या मनांत आलें असतें तर त्यांनीं नवी वही आणून, तीन महिन्यांची कीर्द बसून लिहून, जुनी चुलींत घातली असती. हेबर आणि स्टॉर्नेटा यांनीं यावर शोधलेला उपाय ऐकून मला हंसूं आलें होतें, इतका तो घरगुती आहे. त्यांनीं काढलेल्या कंपनीनें १९९५ पासून आपल्या सांखळीचा ठसा दर आठवड्यास 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापण्यास आरंभ केला. हरवलें-सांपडलेंच्या शेजारीं अक्षरांची ती निरर्थक ओळ. आतां वही बदलावयाची तर जगांतील ग्रंथालयांत पडलेला तो अंक बदलावा लागेल. सर्व गणित करून शेवटीं त्यांना साक्षीदारच शोधावे लागले.

साक्षीदारांची ही जात आपल्या इतिहासास चांगली परिचयाची आहे. मराठेशाहींत वतनाचा तंटा गोतसभेपुढें निघाला म्हणजे निर्णयाचा महजर होत असे. त्याच्या अखेरीस पाटील नांगराची निशाणी करी, आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पण आपल्या गांवांत काय ठरलें तें त्यांना ठाऊक होतें, आणि पुढें कोणी कागद फिरवला तर इतकीं माणसें एकदम फिरवणें सोपें नव्हतें. सावकारी पेढ्यांची हुंडी दुसऱ्या वाटेनें हीच सावधगिरी घेई. शंभराच्या हुंडींत शंभर लिहून भागत नसे. निमे पन्नास, त्यांची दुप्पट, असें पुन्हां बजावावें लागे, म्हणजे एखादें शून्य चोरून वाढवणारा तेथें अडखळे. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर 'पेठ', तीहि हरवली तर 'परपेठ' अशा प्रती निघत. दूरदेशींच्या आडत्याचा चेहरा न पाहतां त्याच्या अक्षरावर पैसे मोजले जात.

मात्र जुन्या वहीचें गुणगान फार लांबवूं नये. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथील बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि ती आग पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरली. त्या दंग्यांचें वैशिष्ट्य असें कीं, जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे हातीं आले कीं ते जाळावयाचे. जेथें सावकारानें ते मुकाट्यानें दिले तेथें त्याच्या केसालाहि सहसा धक्का लागला नाहीं. कारण उघड होतें. वही एकाच्या घरांत, किल्ली एकाच्या कमरेला, वाचतां येणारा तोच. ती वही पानोपानीं शिवलेली असेल, शिल्लक पैशापर्यंत जुळत असेल. आरंभीं लिहिलेला आंकडाच खोटा असेल तर ती जुळणी शेतकऱ्याच्या काय कामाची? त्यानंतर १८७९ सालीं सरकारनें कायदा केला, तो याच जागेवर बोट ठेवून. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, फेडीची पावती मिळावी, मागेल तेव्हां हिशेब मिळावा. हा कायदा पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आम्ही निजामाची प्रजा. त्याची सावलीहि जिंतुरापर्यंत आली नाहीं.

एकाच्या घरची वही, हें दुखणें २००८ सालीं सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीनें आपल्या नऊ पानी निबंधांत नव्यानें हातीं घेतलें. त्या निबंधाच्या शेवटीं अवघे आठ आधार दिले आहेत आणि त्यांतील तीन हेबर-स्टॉर्नेटा यांचे आहेत, हें आमच्या वर्तमानपत्रांनीं सहसा सांगितलें नाहीं. त्यांना तो शोध आकाशांतून पडल्यासारखा वाटला. नाकामोतोनें वहीच्या हजारों प्रती हजारों ठिकाणीं ठेवल्या. नवें पान जोडण्याचा अधिकार मिळवावयाचा तर संगणकाला जड आंकडेमोडीचे कष्ट करावयास लावले. असे कष्ट करवून घेऊन उपद्रवी टपालाला आळा घालण्याची कल्पना सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनीं १९९२ सालींच मांडली होती. बिटकॉईनच्या वहीचें पहिलें पान ३ जानेवारी २००९ चें. त्यांत त्या दिवशींच्या लंडन 'टाइम्स'चा, बुडत्या बँकांना सरकारी मदत देण्याविषयींचा, मथळा गोंवलेला आहे. पुन्हां वर्तमानपत्रच साक्षीला.

विद्यापीठांतील पंडितांनीं या वहीची परीक्षा त्यानंतर कसून घेतली. २०१३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तींतील निनांवी वाटणारे व्यवहार एकमेकांशीं जोडून पैशाचा माग बराच दूरवर काढतां येतो. त्याच वर्षीं कॉर्नेल विद्यापीठांतील इत्ताय एयाल आणि एमिन ग्युन सिरेर यांनीं हिशेब मांडला कीं, या वहीला धोका पोंचवण्यास निम्म्याहून अधिक बळ लागतें ही समजूत बरोबर नाहीं. एक-तृतीयांशाहून थोडें अधिक बळ एकवटलेली टोळीहि आपल्या वांट्याहून जास्त लाभ उपटूं शकेल. वर्तमानपत्रांत यांतील पहिल्याचा मथळा 'आतां चोर सांपडणार' आणि दुसऱ्याचा 'बिटकॉईन बुडणार' अशा थाटाचा झाला. संशोधक 'अमुक अटीवर' म्हणतो. मथळ्याला अटी मावत नाहींत. माझ्या व्याख्यानालाहि त्या मावल्या नव्हत्या.

आपल्याकडे गेल्या कांहीं वर्षांत जे मोठे घात झाले त्यांत वही फोडून कोणी आंत शिरला असें झालेलें नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारें ९४ कोटी रुपये अवघ्या दोन-तीन दिवसांत गेले. तेथें ब्लॉकचेनचा संबंधच नव्हता. एटीएमच्या मागणीला 'होय' म्हणणारी बँकेची खरी यंत्रणा बाजूस सारून चोरांनीं तिच्या जागीं एक तोतया यंत्रणा बसविली, आणि देशोदेशींच्या यंत्रांनीं तिच्या शब्दावर नोटा मोजल्या. पानिपतानंतर भाऊसाहेबांचें नांव घेऊन निघालेल्या तोतयावरहि लोकांनीं असाच विश्वास टाकला होता. जुलै २०२४ मध्यें मुंबईच्या वझीरएक्स या पेढीचे सुमारें २३ कोटी डॉलर गेले. तेथें अनेक सह्यांखेरीज पैसा हलणार नाहीं अशी व्यवस्था होती, पण कंपनीच्या प्राथमिक खुलाशाप्रमाणें सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसलें आणि सही पडली ती भलत्यावर. 'गेनबिटकॉईन' प्रकरणाची तऱ्हा याहून जुनी. पुण्यांत २०१८ सालीं गाजलेल्या त्या खटल्यांतील आरोप असा कीं, दरमहा दहा टक्के परताव्याचें आमिष दाखवून लोकांचे बिटकॉईन गोळा करण्यांत आले. दरमहा दहा टक्के! सुप्याच्या सावकारांनींहि कोणास असें कांहीं देऊं केलें नव्हतें.

या वहीचे चांगले उपयोग नाहींत असें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली उपविभागांत २०२२ सालीं सुमारें ६५,००० जातप्रमाणपत्रांची नोंद ब्लॉकचेनवर करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. ज्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी त्या एका कागदावर अवलंबून, त्याला बनावट प्रमाणपत्रांपासून एवढें संरक्षण मिळालें तर तें थोडें नव्हे. पण तो मुलगा खरोखर त्या जमातीचा आहे कीं नाहीं, ही चौकशी कोणा कर्मचाऱ्यानें कागद पाहून, माणसांना विचारूनच करावयाची असते. त्यानें चुकीचें लिहिलें तर चूकहि अक्षय होईल.

हें सारें मी २०१७ सालीं सांगावयास हवें होतें. मी सांगितलें तें एवढेंच, कीं ही वही कोणालाहि खोडतां येत नाहीं. श्रोत्यांत माझ्या धाकट्या भावाचा एक वर्गमित्र होता. बाजारपेठेंत त्याचें कापडाचें दुकान आहे. त्यानंतर महिनाभरांत त्यानें मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेले पैसे बिटकॉईनांत घातले आणि ते एका योजनेच्या चालकांकडे पाठविले. मला त्यानें विचारलें नाहीं. माझें व्याख्यान ऐकल्यावर विचारण्यासारखें कांहीं उरलें आहे असें त्याला वाटलें नसावें. सहा-सात महिने परतावा दिसत राहिला, मग योजनेचें दार बंद झालें.

२०१९ च्या उन्हाळ्यांत तो घरीं आला. रागावलेला नव्हता, तेंच मला जड गेलें. त्यानें मोबाईल पुढें केला आणि म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलें तें खरें आहे. वही कोणी खोडलेली नाहीं. माझे पैसे गेल्याची नोंद अजून जशीच्या तशी आहे, हें बघा." तारीख होती, वेळ होती, रक्कम आठव्या दशांश स्थळापर्यंत होती, आणि व्यवहाराची खूण म्हणून चौसष्ट अक्षरांची ती ओळ. पोलिसांत तक्रार केलीच होती. मी त्याला सॅन डिएगोच्या संशोधनाविषयीं सांगितलें. माग निघूं शकतो, पण तो एखाद्या नांवापत्त्याच्या पेढीशीं पोंचला तरच माणूस हातीं लागतो, हेंहि या वेळीं सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें.

मग पिशवींतून त्यानें दुकानाची कीर्द काढली. त्याच्या घरीं ती अजून हातानें लिहितात. त्या दिवसाच्या पानावर नांवेंच्या बाजूस रक्कम रुपयांत मांडली होती आणि खालीं तीं चौसष्ट अक्षरें, एकहि न गाळतां, निळ्या शाईनें उतरून घेतलीं होतीं. रकमेपुढें जेथें माणसाचें नांव यावयाचें ती जागा कोरी होती. "खतावणींत ही रक्कम कोणाच्या खात्यावर ओढूं, तेवढें सांगा," तो म्हणाला. मला सांगतां आलें नाहीं. मध्यंतरीं त्याच्या दुकानांत गेलों होतों तेव्हां ती वही मीं मागून पाहिली. जागा अजून तशीच आहे.