म्यान

एका म्यानात दोन तरवारी राहत नाहीत, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर आहे. ज्याने उभ्या जन्मात तरवार हाती धरली नाही, तोही भांडण मिटले म्हणजे तरवारी म्यान झाल्या असे म्हणतो. परंतु ही म्यान नावाची वस्तू कशाची करीत, कोण करी, आणि चांगले म्यान कोणते व वाईट कोणते, हे विचारले असता उत्तर देणारा विरळाच. ह्याचे कारण उघड आहे. तरवार पोलादाची, ती थोडी निगा राखल्यास तीनशे वर्षे टिकते. म्यान लाकडाचे, कापडाचे व कातड्याचे. त्यास वाळवी, कसर आणि पावसाळा हे तीन वैरी. खानदेशात काय किंवा देशावर काय, जुन्या घराण्यांत खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या कित्येक तरवारींची मूळची म्याने केव्हाच नाहीशी झाली आहेत.

म्यान हा शब्द फारसीतून आला. मूळ ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर आणि तरवारीचे आवरणही. संस्कृतात त्यास कोश म्हणतात. खजिना, शब्दसंग्रह आणि तरवारीचे घर ह्या तिहींना एकच शब्द लावणाऱ्यांना म्यानाची योग्यता ठाऊक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्याची घडण. म्यान हे पोकळ केलेले एक लाकूड नव्हे. दोन पातळ फळ्या घेऊन त्या पात्याच्या बाकाप्रमाणे घडवावयाच्या, आतील बाजू पात्याच्या जाडीपुरती खोल करावयाची, आणि मग सरसाने त्या एकमेकींस जोडावयाच्या. वर ओले कातडे ताणून बसवीत. ते वाळताना आवळते आणि फळ्यांना घट्ट धरून ठेवते. शिवण कडेला किंवा अंगाकडील बाजूस घेत, म्हणजे दर्शनी अंग स्वच्छ राही. श्रीमंताच्या म्यानावर मखमल किंवा किनखाब चढे व शिवणीवर गोट येई. टोकाला धातूची टोपी असे, तिला तैनाळ म्हणत. स्वार घोड्यावर असता म्यानाचे टोक रिकिबीवर आपटते. ही टोपी नसेल तर फळ्या थोड्याच दिवसांत फुटावयाच्या.

खरी कसोटी वाकड्या तरवारीची. वाकडे पाते म्यानातून सरळ ओढून निघत नाही, ते आपल्या बाकाच्या वाटेनेच निघते. आतील पोकळी जराही चुकली तर धार लाकडाला कापते, आणि पुढे लाकूड धारेला बोथट करते. त्यातून काही पाती टोकाकडे रुंद असतात. खंडा तर तसाच. तेथे म्यानाचे तोंड पात्याच्या सर्वांत रुंद भागाएवढे ठेवावे लागते, आणि मग ते वरच्या बाजूस सैल पडते. ह्यावर जुन्या कारागिरांची तोड पाहण्यासारखी आहे. मुठीच्या परजेपासून पात्यावर उतरलेल्या दोन छोट्या जिभा असतात. त्या म्यानाच्या तोंडास दोहों बाजूंनी बाहेरून धरतात. म्हणूनच पुष्कळ जुन्या म्यानांच्या तोंडाशी धातूचे कडे नसते. आज शोभेसाठी होणाऱ्या म्यानांना मात्र तेथे जाड पितळी कडे हटकून ठोकलेले असते. मग त्या जिभा बसतात कोठे, हा प्रश्न करणाऱ्यास पडलेला दिसत नाही.

ह्या कामास लागणारे पुष्कळसे साहित्य खानदेशच्या हाताशी होते. येथील अंजनाचे लाकूड नामांकित खरे, पण ते फार जड व कठीण. म्यानाला ते निरुपयोगी. म्यानाला हलके व मऊ लाकूड हवे. पांगारा आणि शिमटी, जिला कोठे मोई म्हणतात, ह्या झाडांच्या लाकडाचा म्यानांसाठी उपयोग होत असल्याची नोंद वनशास्त्राच्या ग्रंथांत आहे, आणि दोन्ही झाडे सातपुड्यात आहेत. कापडाची तर ह्या प्रांताला वाणच नव्हती. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर, जे आज मध्यप्रदेशात आहे, जरीकामासाठी दूरवर प्रसिद्ध होते. धरणगावास इंग्रजांनी 1674 मध्ये वखार घातली, आणि दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ते गाव लुटले.

करणारे हात बहुधा जिनगरांचे. पात्याला धार व पाणी देणारा शिकलगार निराळा, आणि लाकूड, कातडे व कापड जाणणारा जिनगर निराळा. घोड्याचे जीन आणि तरवारीचे म्यान ही एकाच विद्येची दोन अंगे होत. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, कॅप्टन ब्रिग्ज ह्यांनी धुळ्यास बसून खानदेशचा कारभार हाती घेतला, आणि स्वार-शिबंदीचा रोजगार सरला. पुढे 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. ज्याच्या कमरेला तरवारच नाही, तो म्यान कशाला करून घेईल? जिनगर मंडळी चित्रे रंगवू लागली, मूर्ती घडवू लागली, पेट्या, कुलुपे आणि घड्याळेही दुरुस्त करू लागली. हाताचे कसब राहिले. म्यानाची विद्या गेली.

2025 च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावाची तरवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने मिळविली, तेव्हा साऱ्यांची दृष्टी साहजिकच पात्यावर व मुठीवर गेली. तिचे पाते युरोपीय घडणीचे, सरळ व एकधारी. अशा तरवारीस फिरंग म्हणतात. पाते परदेशचे आले तरी म्यान बहुधा येथल्याच कारागिराने त्या एका पात्याच्या मापाने करावयाचे असे. म्यान हे नेहमी एकाच तरवारीचे असते. बाजारी मापाचे म्यान ही कल्पनाच चुकीची.

जुन्या पात्याला आज नवे म्यान करून द्यावयाचे तर आणखी एक सावधगिरी हवी. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावलेले कातडे दमट हवेत पोलादाला गंज चढविते. म्हणून संग्रहालयांत पाते व म्यान वेगवेगळे ठेवण्याची रीत आहे. जपानात ह्यावर वेगळी युक्ती आहे. वापराविना ठेवलेल्या तरवारीसाठी तेथे साध्या लाकडाचे म्यान असते. ते भाताच्या खळीने चिकटवितात; म्हणजे आत गंज लागल्यास फळ्या उकलून साफ करता येतात. मखमली म्यानात कायमची कोंबून ठेवलेली वाडवडिलांची तरवार पुढच्या दसऱ्याला बाहेर काढताना अडते, ती अशाच गंजाने.

मग अस्सल नमुना शोधावा कोठे? इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यास निवर्तले; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे जुने कागद जतन करीत आले आहे. कागदांत तरवारीची किंमत सापडेल, बक्षिसाची यादी सापडेल; पण फळी किती पातळ तासावी हे कोणी लिहून ठेवीत नसे. ते बाप मुलाला हाताने दाखवी. त्यामुळे माळ्यावर पडलेले, फाटके, वाळवीने अर्धे खाल्लेले म्यान हाच खरा कागद. जिनगराच्या पटाशीचे घाव, शिवणीची भोके आणि सरसाचा काळा थर त्याच्या उकललेल्या फळ्यांवर आजही वाचता येतो. दिवाळीच्या साफसफाईत अशी फळकुटे जुन्या झाडूबरोबर उकिरड्यावर जातात आणि गंजलेले पाते तेवढे घासून पुसून पुन्हा भिंतीवर लागते.