दिनविशेष : २२ सप्टेंबर

२०२४ : बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिलांनी अखेरच्या फेरीत अझरबैजानला ३.५-०.५ असे हरवून पहिलेवहिले सुवर्ण जिंकले. खुल्या गटाचे सुवर्णही त्याच दिवशी भारताकडे आले. महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे, २००३ चे ब्रिटिश विजेते. २०२२ मध्ये चेन्नईत त्यांच्याच संघाला शेवटच्या फेरीत अमेरिकेने अडवले आणि कांस्यावर समाधान मानावे लागले होते. डाव सुरू झाला, की कर्णधाराला चाल सुचवता येत नाही. कोणाला खेळवायचे ते आधी ठरवायचे आणि मग नुसते बघत राहायचे. पुणेकराला हे किती जड जात असेल! नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर ११ डावांत ९.५ गुण मिळवून वैयक्तिक सुवर्णही पटकावले.