बरांज मोकासा: खाण बंद झाली तो उन्हाळा

आज कोळशाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही व्हाइटफील्डमध्ये बसून. इथे कोळसा नाही. व्हाइटफील्डच काय, सबंध कर्नाटकात कोळशाची खाण नाही. सोनं निघालं, लोखंड निघालं, मँगनीज निघालं, पण कोळसा निघाला नाही. तरीही गेली चाळीस वर्षं या राज्याच्या विजेचा मोठा हिस्सा कोळशावर तयार होतो. मग तो येतो कुठून? अनेक ठिकाणांहून येतो. त्यातलं एक ठिकाण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे: भद्रावती तालुक्यातलं बरांज मोकासा.

भद्रावती म्हटलं की कर्नाटकातल्या मंडळींना शिमोग्याजवळचं, विश्वेश्वरय्यांच्या लोखंडाच्या कारखान्याचं गाव आठवेल. ते हे नव्हे. हे चंद्रपूरचं भद्रावती, जुनं नाव भांदक. रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही भांदकच आहे.

आणि 'मोकासा' हा शब्द? इतिहासाच्या वाचकांना तो ओळखीचा आहे. मराठेशाहीत एखाद्या सरदाराला चाकरीच्या बदल्यात गावाच्या वसुलाचा हक्क लावून दिला जायचा, तो मोकासा. जमीन कसणारा गावातच राहायचा, वसूल बाहेर जायचा. सनद रद्द झाली की मोकासदार बदलायचा. कसणारा मात्र तिथेच असायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आधी बंगळुरूच्या बाजूने सुरुवात करू. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज तयार झाली आणि ती लांबलचक तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. म्हणजे या मुलखातली पहिली मोठी वीज शहरासाठी नव्हती, खाणीसाठी होती. बंगळुरू शहरात विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. व्हाइटफील्ड तेव्हा शहराबाहेरचं शेतीचं खेडं होतं. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला वसाहतीसाठी जमीन दिली, तिथून या गावाची सुरुवात. पुढे जोग, शरावती असे प्रकल्प झाले. बरीच दशकं कर्नाटक पाण्यावर उजळलं. पण पाऊस दर वर्षी सारखा नसतो, आणि गरज दर वर्षी वाढते. म्हणून १९८५ मध्ये रायचूरला औष्णिक केंद्र सुरू झालं. मग २००७ च्या अखेरीस बळ्ळारीजवळ कुडतिनीला ५०० मेगावॅटचा पहिला संच उभा राहिला. इकडे नव्वदच्या दशकात व्हाइटफील्डला टेक पार्क आलं, आणि काचेच्या इमारती, लिफ्ट, वातानुकूलन सगळं त्याच्या मागोमाग आलं.

आता एक सोपा हिशेब करू. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण दिवस पूर्ण ताकदीने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. आपल्याकडचा कोळसा राखेचा, त्यामुळे एका युनिटला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला सुमारे आठ हजार टन. मालगाडीच्या एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा मावतो. एका संचाला रोज दोन गाड्या. यात सुट्टी नाही, सण नाही.

आता चंद्रपूरकडे वळू. तिथला कोळसा काही नवा नाही. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं. पण आनंदवनाच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकात, वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण होती. त्या खाणीसाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली गेली. १९०६ मध्ये ती खाण बंद झाली. तोवर बल्लारपूरकडे काम सुरू झालं होतं, त्यामुळे कोळसा थांबला नाही, फक्त जागा बदलली. वर्धा खोऱ्याचा पुढचा सगळा इतिहास असाच आहे: वणी, माजरी, घुग्घुस, राजुरा, एक खाण संपते, दुसरी उघडते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. लोक तिला 'वेकोलि' म्हणतात.

१९९३ मध्ये कायदा बदलला. वीज कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाण घेण्याची मुभा मिळाली. याच वाटेने २००३ मध्ये बरांज आणि शेजारचे कोळशाचे पट्टे कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनला मिळाले. हे कर्नाटक सरकारचं महामंडळ, मुख्यालय बंगळुरूच्या रेसकोर्स रस्त्यावर. महामंडळाने एका खासगी खाण कंपनीबरोबर संयुक्त कंपनी केली, 'कर्नाटक एम्टा'. कोळसा बळ्ळारीसाठी. जमीन महाराष्ट्रातली, सनद दिल्लीची, खोदणारी कंपनी भागीदारीतली आणि दिवे कर्नाटकातले. महाराष्ट्र आणि कर्नाटक म्हटलं की आपण बेळगावावर येतो, महाजन आयोगावर येतो. पण कर्नाटकच्या सरकारी महामंडळाला चंद्रपुरात खाण होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

ही उघडी खाण. म्हणजे बोगदा नाही, वरची माती काढून टाकायची आणि खालचा कोळसा उचलायचा. काढलेल्या मातीचे डोंगर गावाच्या कडेला उभे राहतात. खड्ड्यात झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. सुरुंग लागला की घरांच्या भिंतींना तडे जातात. आणि शेती गेली की शेतकऱ्याबरोबर शेतमजूरही जातो. त्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून मोबदलाही नसतो.

आता २०१४ वर येऊ. कोळसा खाणवाटपाचा विषय लावून धरणाऱ्यांत चंद्रपूरचेच तेव्हाचे खासदार हंसराज अहीर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ ऑगस्ट २०१४ ला न्यायालयाने १९९३ पासूनची वाटपं बेकायदा ठरवली आणि २४ सप्टेंबरला २१८ पैकी २१४ पट्टे रद्द केले. ज्या खाणी चालू होत्या, त्यांना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत दिली आणि काढलेल्या कोळशावर टनामागे २९५ रुपये भरायला लावले. चालू खाणींच्या यादीत बरांज होतं. ३१ मार्चला खाण थांबली.

निकाल चुकला का? मला तसं वाटत नाही. लिलाव नाही, निकष नाहीत, अशा पद्धतीने वाटलेली सार्वजनिक संपत्ती परत घेणं योग्यच होतं. पण निकाल दिल्लीत लागतो आणि त्याचा उन्हाळा गावात येतो.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागतो. पारा ४७-४८ अंशांवर जातो. साठवलेला कोळसा आपोआप पेट घेतो, ढिगाऱ्यातून धूर निघत राहतो. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच दिवस निर्णयाचे. मृग जवळ आलेला असतो. वखरपाळी झालेली हवी, कापसाचं, सोयाबीनचं बियाणं आणलेलं हवं, कर्जाची सोय झालेली हवी. कुणी धूळपेरणीचा जुगार खेळतो. लग्नं उरकायची असतात, मुलांच्या शाळा-कॉलेजची फी भरायची असते.

२०१५ च्या नवतप्यात बरांजच्या आसपास हे सगळे निर्णय अडले. ज्याने जमीन दिली होती त्याच्याकडे पेरायला शेत नव्हतं. जमिनीच्या बदल्यात ज्याला खाणीत काम मिळालं होतं त्याचं काम थांबलं होतं. असे शेकडो लोक. आलेला मोबदला घर, लग्न, मोटारसायकल, जुनं कर्ज यात गेलेला. शेजारच्या गावात मक्त्याने शेत घ्यावं तर हातात पैसा हवा.

कोळसापट्ट्यात अशा वेळी एकच मत कधी नसतं. पानटपरीवर बसा, चार मतं ऐकू येतात. ज्याची नोकरी गेली तो म्हणतो, खाण उद्या सुरू करा. ज्याच्या घराला तडे गेले तो म्हणतो, गाव आधी हलवा, मग काय ते सुरू करा. ज्याने जमीन दिली नाही तो म्हणतो, बघा, मी सांगत होतो. आणि ज्याचं अर्धं शेत गेलं, अर्धं राहिलं, तो गप्प असतो, कारण त्याला पुढच्या भावाची वाट पाहायची असते. त्याच सुमारास वेकोलिच्या खाणींत कोरडवाहू जमिनीला एकरी ८ लाख, ओलिताला १० लाख असे दर आले होते आणि दोन एकरांमागे एक नोकरी असा नियम होता. म्हणजे शेजारच्या शिवारात वेगळा मालक असता तर वेगळं भविष्य असतं. ही तुलना माणसाला आतून खाते. बाहेरच्याला वाटतं, गाव खाणीच्या बाजूचं की विरोधातलं? गावाला तो प्रश्नच पडत नाही. त्याचा प्रश्न असतो: दिलेला शब्द कोण पाळणार?

आणि इथेच खरी मेख आहे. २०१५ मध्ये संसदेने नवा कोळसा खाण कायदा केला. त्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की आधीच्या काळातलं वेतन, बोनस, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असलं कुठलंही देणं केंद्र सरकारकडून किंवा नव्या धारकाकडून वसूल करता येणार नाही. व्यवहार म्हणून यात अर्थ आहे. नव्या माणसाने जुन्या माणसाचं कर्ज का फेडावं? पण बरांजमध्ये काय झालं? खाण दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. ती सरकारी वाटपातून पुन्हा कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनलाच मिळाली. जुन्या सनदेवर आणि नव्या सनदेवर धारकाचं नाव एकच. मध्ये फक्त एक कोरी रेघ, आणि त्या रेघेच्या अलीकडे गावाचं येणं.

खाण पुन्हा चालू व्हायला २०२० चं अखेर उजाडलं. सहा उन्हाळे मध्ये गेले. पुनर्वसन, थकलेलं वेतन, नोकरी, या मागण्यांची आंदोलनं खाण बंद असताना झाली आणि सुरू झाल्यावरही झाली.

त्या मधल्या काळात इकडे काय झालं? बळ्ळारीचं केंद्र दुसरीकडून कोळसा आणून चाललं. २०१५ मध्ये कर्नाटकात दुष्काळ पडला, धरणं आटली, बंगळुरूत भारनियमनही झालं. इथे बोलणं झालं ते मुख्यतः पावसाचं. शहराला कोळसा आठवतो तो टंचाई झाली तरच. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर कोळसा होता. पाऊस आला आणि विषय संपला.

मला या इतिहासातून एकच गोष्ट सांगायची आहे. खाणीच्या कागदात कोळशाचे टन मोजलेले असतात, रॉयल्टी मोजलेली असते, वॅगन मोजलेल्या असतात. गावाला दिलेला शब्द मात्र सनदेला चिकटलेला असतो. सनद गेली की तो हवेत जातो. मोकाशाच्या काळी हेच होतं. फरक इतकाच की तेव्हा मोकासदार गेला तरी शेत जागेवर राहायचं. आता शेताच्या जागी खड्डा राहतो.

यावर उपाय अशक्य नाही. पुनर्वसनाची आणि वेतनाची जबाबदारी कंपनीच्या नव्हे, खाणीच्या नावावर टाकता येते. शेतावर बोजा असतो, शेत विकलं तरी बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो, आणि घेणारा तो बघूनच किंमत ठरवतो. तसंच खाणीचं करा. जो खाण घेईल तो बोजासकट घेईल. शेतकऱ्याला सातबाऱ्यावरचा बोजा समजतो, तसा तो मंत्रालयालाही समजतो.

आणि आपण? व्हाइटफील्डमध्ये मराठी माणसं खूप आहेत, विदर्भातलीही आहेत. आपला बटण दाबणारा हात इथे आहे आणि आपल्यापैकी काहींचं सासर-माहेर त्या पट्ट्यात आहे. महामंडळ कर्नाटकच्या जनतेचं आहे. त्याच्या कारभाराबद्दल इथल्या आमदाराला प्रश्न विचारता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो, आणि विचारणारा कन्नड की मराठी हे तिथे पाहिलं जात नाही. बरांजचा माणूस मुंबईला विचारतो तेव्हा उत्तर मिळतं, कंपनी कर्नाटकची. तो बंगळुरूला विचारतो तेव्हा उत्तर मिळतं, गाव महाराष्ट्रातलं. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि दोन्ही मिळून त्याला काहीच मिळत नाही. निदान दुसरं उत्तर ऐकून घ्यायचं की नाही, हे इथे राहणाऱ्यांनी ठरवायचं आहे.

पुढच्या भागात वरोऱ्याच्या त्या पहिल्या खाणीबद्दल आणि तिच्यासाठी टाकलेल्या रेल्वेबद्दल सविस्तर बोलू. तोवर कुणी चंद्रपूर, वणी, घुग्घुसकडचं असेल आणि घरात जुने करार, पावत्या, फोटो असतील, तर ते जपून ठेवा. अशा गावांचा इतिहास सरकारी दप्तरात कमी आणि घरातल्या पेटीत जास्त असतो.