बालश्वसनविकार : आंतरशाखीय प्रशिक्षण

जुनाट श्वसनविकार असलेल्या मुलांची काळजी घेण्यासाठी डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांना एकत्र दिले जाणारे शिक्षण. अमेरिकेत त्याला घडीव रूप दिले ते ‘पीडियाट्रिक पल्मनरी सेंटर’ या केंद्रांनी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा उपक्रम विद्यापीठांमध्ये, केंद्र सरकारच्या माता-बालआरोग्य विभागाच्या अनुदानावर चालतो. दमा, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे फुप्फुसविकार आणि सिस्टिक फायब्रोसिस हे त्याचे मुख्य विषय.

एकट्या डॉक्टरचे हात किती अपुरे पडतात, हे सिस्टिक फायब्रोसिसमध्ये लगेच कळते. घट्ट स्रावाने श्वासनलिका भरतात, तशाच स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात. खाल्लेले अंगी लागत नाही, वजन घटते आणि वजनाबरोबर फुप्फुसांची ताकदही जाते. म्हणून प्रत्येक जेवणाआधी पाचक विकरांची कॅप्सूल घ्यावी लागते. लहानग्यांना ती उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरातून, न चावता गिळायला देतात. औषध कागदावर बिनचूक लिहिलेले असते. पण वर्गमित्रांसमोर लाज वाटते म्हणून मूल शाळेत डबा खाताना ते घेतच नाही. ही गोष्ट बहुधा क्ष-किरणचित्रात नव्हे, समाजसेविकेशी बोलताना उघड होते.

कुटुंबाचे महत्त्व ठसवणारे प्रकरण आयोवातील केटी बेकेटचे. मेंदूच्या संसर्गामुळे ती व्हेंटिलेटरवर अवलंबून होती. रुग्णालयाचा खर्च सरकार देई, घरातल्या त्याहून स्वस्त शुश्रूषेचा मात्र नाही. १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला, नियमाला अपवाद झाला आणि ती घरी गेली. तिच्यासारख्या मुलांच्या घरी खरा अतिदक्षता विभाग चालवतात ते आईवडीलच. त्यांना केवळ ‘नातेवाईक’ समजणे मोठी चूक आहे. काही केंद्रांत तर अनुभवी पालकच अध्यापक असतात.

अशा मुलाच्या गळ्यात बसवलेली श्वासाची नळी अचानक तुंबली तर ती काही क्षणांत बदलावी लागते. त्यासाठी उशाशी तशीच एक आणि एका मापाने लहान अशी दुसरी नळी तयार ठेवतात. स्राव ओढून काढणारी सक्शनची नळी किती आत घालायची तेही आधीच मोजलेले असते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०१६च्या मार्गदर्शिकेनुसार घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलासाठी कुटुंबातले किमान दोघे प्रशिक्षित हवेत आणि एक प्रशिक्षित माणूस सतत जागा हवा. रात्रीच्या त्या जागरणासाठी परिचारिका मिळवणे आणि तिचा पगार विम्यातून मंजूर करून घेणे, हाही या प्रशिक्षणातलाच धडा.