निमंत्रणाचा दरवाजा



कोणत्याहि समारंभांत शिरावयाचें तर पैसा लागतो किंवा निमंत्रण लागतें. पैशाचा आंकडा तिकिटावर छापलेला असतो; निमंत्रण कोणास व कां मिळालें, हें मात्र यजमानच जाणतो. अमेरिकेंतील ‘मास्टर्स’ या गोल्फच्या विख्यात स्पर्धेचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

१९३० सालीं त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षांत जिंकून बॉबी जोन्स स्पर्धांतून निवृत्त झाले. पुढें न्यूयॉर्कचे धनव्यवहारी गृहस्थ क्लिफर्ड रॉबर्ट्स यांच्या साह्यानें त्यांनीं जॉर्जिया संस्थानांत ऑगस्टा येथें एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर क्रीडांगण उभारलें. १९३४ च्या मार्च महिन्यांत तेथें पहिली स्पर्धा भरली व हॉर्टन स्मिथ विजयी झाले. तिच्या मूळ नांवांतच ‘निमंत्रण’ हा शब्द होता; ‘मास्टर्स’ हें नांव अधिकृत झालें तें १९३९ सालीं.

तो काळ महामंदीचा असल्यामुळें आरंभीं तिकिटांस गिऱ्हाईक मिळणें कठीण जाई. कालांतरानें पारडें फिरलें. १९७२ सालीं तिकिटांसाठीं प्रतीक्षा-यादी करावी लागली आणि ती इतकी लांबली कीं, १९७८ मध्यें ती बंद करावी लागली. एकेका दिवसाचीं तिकिटें आतां सोडतीनें मिळतात. २०२४ सालीं सामन्याच्या एका दिवसाचें तिकीट १४० डॉलरांस होतें व आंत चीजचें सँडविच दीड डॉलरास मिळे. बाहेर त्याच तिकिटासाठीं हजारों डॉलर मोजणारे होते. म्हणजे येथें दर हा खरा अडसर नव्हे. नशीब हा अडसर होय.

ही झाली प्रेक्षकांची कथा. खेळाडूंची कथा अधिक कठोर आहे. अमेरिकेंतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघाच्या घटनेंत १९६१ पर्यंत केवळ गोऱ्यांनाच सभासदत्व देणारें कलम होतें. तें गेल्यावरहि ऑगस्टाचा दरवाजा उघडला नाहीं. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूनीं १९६७ मध्यें हार्टफर्ड येथील व १९६९ मध्यें लॉस एंजल्स येथील स्पर्धा जिंकली. तरी त्यांस निमंत्रण कधींच आलें नाहीं. त्याच मैदानावर खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी मात्र कृष्णवर्णीय असत, आणि १९८२ पर्यंत क्लबाचेच कॅडी घेण्याचें प्रत्येक खेळाडूवर बंधन होतें.

हा दरवाजा अखेर उघडला तो नियमानें. १९७२ पासून व्यावसायिक मालिकेंतील स्पर्धा जिंकणारास निमंत्रण आपोआप मिळूं लागलें. ली एल्डर यांनीं १९७४ मध्यें पेन्साकोला येथील स्पर्धा जिंकली आणि १९७५ च्या एप्रिलांत ते ‘मास्टर्स’ खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. पहिल्या स्पर्धेस तेव्हां ४१ वर्षें लोटलीं होतीं. पुढें १९९७ सालीं टायगर वुड्स यांनीं तीच स्पर्धा १२ फटक्यांच्या आघाडीनें जिंकली. क्लबाचें सभासदत्व कृष्णवर्णीयांस १९९० मध्यें, तर स्त्रियांस २०१२ मध्यें मिळालें.

२०२१ सालीं वृद्ध एल्डर यांस स्पर्धेच्या शुभारंभास मानानें बोलावण्यांत आलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते निवर्तले. सिफर्ड हे २०१५ सालींच गेले होते. विजय दोघांनींहि मिळविला होता. दोघांच्या मध्यें उभा होता तो एक नियम. यजमानाची मर्जी कितीहि सुसंस्कृत असो, तिच्यापुढें दाद मागतां येत नाहीं; लिखित नियमापुढें मागतां येते.