दुसऱ्या हार्ड डिस्कवरून संगणक का उठत नाही? १९८३च्या एका आकड्याची गोष्ट

१/
जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसवावी, तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवावी, जुनी डिस्क काढून ठेवावी आणि बटण दाबताच काळ्या पडद्यावर ‘सुरू करण्याजोगे साधन सापडले नाही’ अशा अर्थाची एकच ओळ उमटावी. हा प्रसंग अनेकांवर आला आहे. नवी डिस्क बहुधा निर्दोष असते. दोषाची मुळे चाळीस वर्षांहून जुनी आहेत. #धागा

२/
मूळ प्रश्न कोंबडी आधी की अंडे आधी, या जातीचा आहे. डिस्क वाचण्यासाठी प्रोग्रॅम हवा आणि प्रोग्रॅम तर डिस्कवर आहे. म्हणून मदरबोर्डवरील चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरून ठेवतात. तो डिस्कचा अगदी पहिला तुकडा उचलतो, तो तुकडा पुढचा भाग उचलतो आणि अशी साखळी ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचते. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले.

३/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी होती, आणि सर्वांत स्वस्त नमुन्यात तीही नव्हती. माहिती साठवायला कॅसेट रेकॉर्डर जोडावा लागे. फ्लॉपी सापडली नाही तर चिपमधली बेसिक भाषा थेट पडद्यावर येई. म्हणजे ‘संगणक सुरू झाला नाही’ अशी अवस्थाच त्या यंत्रात सहसा येत नसे. ही सोय पुढे लयाला गेली, हे खरोखर दुर्दैव.

४/
८ मार्च १९८३ रोजी पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि सोबत डॉस २.०. इथे आपल्या गोष्टीतला आकडा प्रवेश करतो. फ्लॉपींना ०, १ असे क्रमांक आधीच दिलेले होते. हार्ड डिस्कसाठी मोजणी ८० पासून सुरू झाली (हे षोडशमान पद्धतीतले ८०, दशमानात १२८). पहिली डिस्क ८०, दुसरी ८१. संगणक उठताना आधी फ्लॉपी पाहायची, नंतर ८०. ८१ कडे वळण्याची तरतूदच नव्हती. त्या काळी एक हार्ड डिस्क हीच चैन होती. दुसऱ्या डिस्कवरून यंत्र सुरू करण्याची इच्छा कोणाला होईल, हे त्या अभियंत्यांच्या ध्यानी आले नसेल तर त्यांना दोष देता येत नाही.

५/
डिस्कच्या पहिल्या तुकड्याचे नाव मास्टर बूट रेकॉर्ड. आकार अवघा ५१२ बाइट. त्यातील ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी: ५५ आणि एए. ही खूण नसेल तर डिस्क कोरी समजली जाते.

६/
खरी गंमत त्या तक्त्यात आहे. चार विभागांपैकी कोणत्या विभागावरून सुरू व्हायचे, हे दाखवण्यासाठी त्याच्या पहिल्या बाइटात ८० लिहीत. पाहणाऱ्याला ही निव्वळ खूण वाटते. पण आयबीएमचा मूळ प्रोग्रॅम तोच बाइट उचलून ‘डिस्क क्रमांक’ म्हणून पुढे वापरीत असे! खूण आणि क्रमांक एकच. दोन-चार बाइटांची बचत झाली, कारण ४४६ बाइटांत सर्व बसवायचे होते.

७/
परिणाम पाहा. एखाद्याने युक्तीने दुसऱ्या डिस्कचा मास्टर बूट रेकॉर्ड चालू केला, तरी तो वाचन करणार ८० क्रमांकाच्या, म्हणजे पहिल्या डिस्कवरून. स्वतःच्या घरात उभे राहून शेजाऱ्याच्या घराचे कुलूप उघडण्याचा हा प्रकार. डॉसच्या विभागांच्या आरंभीच्या तुकड्यातही पुढे डिस्क क्रमांकाची एक जागा राखली गेली आणि तिथेही ८० च लिहिले जाई. एकच गृहीतक असे दोन ठिकाणी रुजले.

८/
वापरकर्त्यापर्यंत पोहोचत ते फक्त त्रोटक संदेश: विभागांचा तक्ता चुकीचा आहे, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, अशा अर्थाचे. ४४६ बाइटांत याहून अधिक शब्द मावत नव्हते. विभागावर खूण नसेल, तर ताबा त्या जुन्या बेसिककडे जाई. इतर कंपन्यांच्या यंत्रांत बेसिकची चिपच नसे; मग ‘बेसिक नाही, यंत्र थांबवले’ असा संदेश येई आणि बेसिकचे नावही न ऐकलेला मनुष्य चक्रावून जाई.

९/
त्यात १९८६ पासून आयडीई डिस्क आल्या. एका केबलवर दोन डिस्क, आणि त्यांपैकी मास्टर कोण व स्लेव्ह कोण हे डिस्कच्या मागच्या इवल्याशा जंपरने ठरे. दोन्ही मास्टर ठेवल्या तर बहुधा एकही दिसत नसे. शिवाय डॉसची अक्षरे देण्याची रीत अशी, की दुसऱ्या डिस्कचा मुख्य विभाग पहिल्या डिस्कच्या उपविभागांच्या आधी मोजला जाई. नवी डिस्क जोडली की कालचा डी आज ई होई आणि डी वर बसवलेले प्रोग्रॅम एकाएकी निराधार.

१०/
याच पहिल्या तुकड्यावर विषाणूंचाही डोळा होता. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू मूळ रेकॉर्ड उचलून दुसरीकडे ठेवी आणि स्वतः त्या जागी बसे. ६ मार्चला संगणक सुरू झाला की डिस्कच्या आरंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ मध्ये त्याच्या धास्तीने वृत्तपत्रांचे रकाने भरले. प्रत्यक्ष हानी भाकितांहून पुष्कळच कमी झाली. पण तो पसरण्याचे साधन लक्षात घ्यावे: ड्राइव्हमध्ये विसरून राहिलेली फ्लॉपी. आधी फ्लॉपी पाहायची, हा १९८३चाच नियम.

११/
बंड लिनक्सच्या लोकांनी केले. त्यांच्यापुढे पेच असा, की पहिल्या डिस्कवर विंडोज किंवा डॉस आणि दुसरीवर लिनक्स, किंवा याच्या उलट. लिलो हा बूटलोडर आपल्याच नावाची अक्षरे एकेक करून छापी. ‘एलआय’ वर थांबला तर दुसरा टप्पा डिस्कवरून आला पण चालू झाला नाही, असे समजायचे. पडद्यावरची दोन अक्षरे हेच निदान! एवढ्या कमी शब्दांत इतके प्रामाणिक उत्तर आजचे संगणकही क्वचितच देतात.

१२/
आणि दुसऱ्या डिस्कवरील विंडोज सुरू करायचे असेल तर? लिलो व ग्रब या दोघांनीही एकच तोडगा काढला: खोटे बोलणे. मध्ये एक लहान प्रोग्रॅम बसवायचा. विंडोजने ८० मागितले की ८१ द्यायचे आणि ८१ मागितले की ८०. डिस्क जागच्या जागी, अदलाबदल फक्त नावांची.

१३/
उद्योगाने हा प्रश्न रीतसर हाताळला तो १९९६ मध्ये. कॉम्पॅक, फीनिक्स आणि इंटेल यांनी बायोस बूट स्पेसिफिकेशन तयार केले. बायोसच्या पडद्यावर डिस्कचा क्रम वरखाली करण्याची आज परिचित असलेली यादी त्याच विचाराची. मात्र ८० चा हट्ट मोडला नाही. यादीत ज्या डिस्कला वर आणावे तिलाच ८० हा क्रमांक मिळे. राजा बदलला तरी गादी तीच.

१४/
गादी बदलली ती वेगळ्या कारणाने. जुन्या तक्त्यात विभागाची जागा ३२ बिटांत लिहीत. ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी ही मर्यादा सुमारे २.२ टेराबाइटवर संपते. इंटेलने इटानियमसाठी रचलेल्या ईएफआयमधून पुढे यूईएफआय आले (त्याची संघटना २००५ची) आणि जीपीटी हा नवा तक्ताही. आता सुरू करण्याची माहिती डिस्कच्या पहिल्या तुकड्यात नाही, तर एका छोट्या स्वतंत्र विभागातील फाइलमध्ये असते, आणि त्या फाइलचा पत्ता मदरबोर्डच्या स्मृतीत.

१५/
इथूनच पहिल्या प्रसंगाचे कोडे उलगडते. दोन डिस्क जोडलेल्या असताना नवीवर विंडोज चढवले, तर इन्स्टॉलर बहुधा जुन्या डिस्कवरचा तो छोटा विभागच वापरतो. ऑपरेटिंग सिस्टिम नवीवर, दार मात्र जुनीवर. जुनी काढली की दारच जाते. म्हणून जाणकार चढवण्यापूर्वी बाकीच्या डिस्क सुटी करून ठेवतात. जुन्या पद्धतीने चढवलेली डिस्क निव्वळ यूईएफआयवर ठेवलेल्या संगणकाला जोडली तरीही हाच काळा पडदा. विभागांचा तक्ता कोणता आणि बायोस कोणत्या पद्धतीवर आहे, हे आधी जुळवून पाहावे लागते.

१६/
जीपीटीच्या डिस्कचा पहिला तुकडा मात्र अजूनही रिकामा सोडत नाहीत. जुना प्रोग्रॅम ती डिस्क कोरी समजून पुसून टाकू नये म्हणून तिथे एक राखणदार मास्टर बूट रेकॉर्ड लिहितात: तक्त्यात ‘ईई’ प्रकारचा एकच विभाग, आणि शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए.